बंद बकलांचे नऊ पट्टे

एनोकला मी सात वर्षं कॉफी पाजली आणि सातही वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या. आमच्या वस्तीत घरं अठरा आणि माणसं साठाच्या आसपास. ज्याचा राग येतो त्यालाही वाढदिवसाला बोलवावं लागतं, नाहीतर बोलवायला कुणी उरतच नाही. तो यायचा, केकचे तीन तुकडे खायचा, बूट घालताना माझ्या दाराला धरून उभा राहायचा, आणि मला वाटायचं की दार जोरात लावून घ्यावं.

पण माझा राग कशातच जमा नव्हता. राग कसा धरायचा ते बिबियानाकडून शिकावं.

बिबियाना म्हणजे आमच्या फ्योर्डमधली, डोंगरांमधल्या या खाडीतली, स्वतःची स्लेज आणि स्वतःची कुत्री असलेली एकटीच बाई. नवरा गेला तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, कुत्री विकून टाक, बाईमाणसाच्या आवाक्यातलं काम नाही ते. तिनं नवऱ्याची बोट विकली आणि कुत्री ठेवली. पहाटे स्लेजला नऊ कुत्री जोडून ती बर्फावर जायची, भोक पाडून गळ लावलेला लांब दोर सोडायची, आणि संध्याकाळी स्लेजभर हॅलिबट मासे घेऊन परत यायची. पुरुषांना हे आवडायचं नाही. मला आवडायचं. मी तिची मैत्रीण, निदान तसं सगळीकडे सांगत आले.

सात वर्षांपूर्वी फेब्रुवारीत तिची स्लेज बर्फाच्या उंचवट्यावरून उलटली आणि मांडीचं हाड मोडलं. हेलिकॉप्टर आलं. तिला चढवत होते तेव्हा ती एकच म्हणत होती, "माझ्या कुत्र्यांना खायला कोण घालेल?" आमच्याकडे अशा वेळी जो पुढे येऊन हातात बादली घेतो, त्याची ती जबाबदारी. मग दुसऱ्या कुणी त्या कुत्र्यांना घास टाकायचा नाही. टाकला तर बादली घेणाऱ्याच्या तोंडावर 'तू पुरुष नाहीस' असं म्हटल्यासारखं होतं. त्या दिवशी सगळी वस्ती बघत होती, म्हणून एनोकनं बादली घेतली. लोक बघत असले की एनोक लगेच पुढे होतो.

एनोक आमचा बंदूकवाला. मोकाट कुत्रं दिसलं की गोळी घालायची, हे काम पालिकेनं त्याला दिलेलं. स्वतःची कुत्री त्यानं कधीच विकून बर्फावरची स्कूटर घेतली होती.

पाच आठवड्यांनी बिबियाना कुबड्यांवर परत आली, तेव्हा साखळ्यांपाशी एकही कुत्रं नव्हतं. नऊच्या नऊ गोळी घालून वस्तीच्या टोकापलीकडे समुद्राच्या बर्फावर टाकलेली. वसंतात बर्फ फुटला की आपोआप वाहून जातील, असा हिशेब. दुकानासमोर तिनं त्याला गाठलं. आम्ही आठदहा जण तिथंच होतो.

"का मारलीस?"

"साखळ्या तोडून सुटली होती. घराघरांतून फिरत होती. पोरंबाळं आहेत इथं. नियम तुला ठाऊक आहे."

"खायला घालत होतास?"

"एक दिवसाआड दोन बादल्या. हॅलिबटची डोकी. तुझ्या हातचं खात होती तशीच खात होती."

तिनं आमच्याकडे पाहिलं. आम्ही आपापल्या बुटांकडे पाहिलं.

त्यानंतर तिनं जे केलं ते फक्त मला माहीत होतं. मोडक्या पायानं ती स्लेज ओढत टोकापलीकडे गेली आणि एकेक कुत्रं घरी आणलं. स्वयंपाकघरात वितळवलं आणि पोट फाडून पाहिलं. मी कॉफीला गेले तर जमिनीवर आर्नाक पडलेली, तिची पुढारी कुत्री, जिला नुसतं नावानं हाक मारली तरी सगळी स्लेज वळायची. बिबियानाच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या. टेबलावर काचेची बरणी होती, तिच्यात ती पोटात सापडलेलं एकेक टाकत होती. निळ्या दोरीचे तुकडे, लाकडाच्या ढलप्या, कुत्र्यांचे स्वतःचेच केस. ती रडत नव्हती. मी रडले, आणि तिनं मला म्हटलं, "रडायचं असलं तर बाहेर जा. मला नीट दिसलं पाहिजे."

मग ती साखळ्यांपाशी गेली. एकही साखळी तुटलेली नव्हती. प्रत्येक साखळीच्या टोकाला गळ्याचा पट्टा तसाच पडलेला, बकल लावलेली.

ते ती घरोघरी सांगायला निघाली. लोकांनी ऐकून घेतलं, तिच्या कपात कॉफी ओतली आणि म्हटलं, "असेल." हा आमचा फार लाडका शब्द. पाऊस पडेल का, असेल. तू चोर आहेस का, असेल. साठ माणसांत एकमेकांच्या तोंडावर खरं बोललं तर हिवाळा काढायचा कसा? तीन घरं झाल्यावर बिबियानानं सांगणं बंद केलं. पट्टे आणि बरणी पिशवीत घालून पलंगाखाली सारली. दुसऱ्या वर्षी कुठून तरी तीन पिल्लं आणली. आज तिच्याकडे अकरा कुत्री आहेत.

एनोकच्या वाढदिवसालाही ती जायची. केक खायची, छान झालाय म्हणायची. एकदा परत येताना माझा पारा चढला. "तुला काही लाज? इतक्यात विसरलीस?"

"मी वाट बघतेय," ती म्हणाली.

"कशाची?"

"मोठी माणसं 'असेल' म्हणतात. पोरं तसं म्हणत नाहीत. त्याच्या नातीला जरा मोठी होऊ दे."

तेव्हा त्याची नात दीड वर्षांची होती. माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगते, बरंही वाटलं.

या मार्चमध्ये ती वेळ आली. निवि नावाची नवी मास्तरीण दक्षिणेकडून आलेली, तिकडे स्लेजची कुत्रीच नसतात. तिच्या डोक्यात आलं की पोरांना स्लेजवरच्या आयुष्याची ओळख करून द्यावी. सोमवार ते गुरुवार बिबियानानं शिकवायचं, आणि शुक्रवारी दुपारी सगळ्या वस्तीला शाळेत कॉफी. शाळेची झाडलोट आणि कॉफी माझ्याकडे, म्हणून मी चारही दिवस तिथं होते.

पोरं अकरा. बिबियानानं पहिल्याच दिवशी सगळ्यांना दोऱ्या सोडवायला बसवलं. आमच्याकडे प्रत्येक कुत्र्याची दोरी वेगळी, सगळी कुत्री पंख्यासारखी पसरून धावतात, आणि धावता धावता इकडून तिकडे उड्या मारून दोऱ्यांची वेणी घालून ठेवतात. ती वेणी उघड्या हातानं सोडवायची, तीही थंडीत.

"माझी बोटं गळून पडणार," दुकानदाराचा मुलगा कालेराक ओरडला.

"पडू देत. कुत्र्यांना तेवढंच खायला," बिबियाना म्हणाली, आणि पोरं खिदळली.

मास्तरणीच्या नव्याकोऱ्या बुटावर एका पिल्लानं तंगडी वर केली तेव्हा तर वर्ग डोक्यावर घेतला पोरांनी. चाबूक कुत्र्याला लागता कामा नये, त्याच्या बाजूच्या बर्फाला लागला पाहिजे, हे शिकवताना कालेराकनं स्वतःचीच टोपी उडवली. आणि सगळ्यांत चटकन शिकली ती इवालू, एनोकची नात, आठ वर्षांची, समोरचा दात पडलेली. कुत्री तिच्याकडे ओढली जायची. बिबियाना तिला दुप्पट राबवायची आणि दुप्पट शिकवायची.

"पट्टा किती घट्ट लावायचा?" ती विचारायची.

"दोन बोटं," इवालू म्हणायची.

"तीन गेली तर?"

"तर सैल. डोकं निघेल."

"एक गेलं तर?"

"तर गळा आवळेल. मग तू मला रागावशील."

"रागावणार नाही, साखळीला तुलाच बांधीन."

दोघी हसायच्या. गुरुवारी वर्ग सुटल्यावर मी बिबियानाला बाजूला घेतलं. "पोरगी गोड आहे गं. तिला यात ओढू नकोस."

"गोड आहे, म्हणून तर खरं बोलेल."

"तिचा काय दोष?"

"माझ्या नऊ पोरांचा काय होता?" असं म्हणून तिनं चाबूक गुंडाळला आणि निघून गेली.

शुक्रवारी सगळी वस्ती शाळेत. बिबियानानं मास्तरणीला सांगून ठेवलं होतं, एकही घर सुटता कामा नये. एनोक पांढरा शुभ्र अनोराक घालून पहिल्या बाकावर बसला होता. हा आमच्या पुरुषांचा सणाचा पोशाख. नातीला बोलायचं होतं ना. मी मागच्या टेबलावर किटल्या मांडत होते आणि मनात म्हणत होते, बस, नीट बस, आज तुझी खोड मोडणार. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

पोरांनी स्लेज बांधून दाखवली, गाठी मारून दाखवल्या. टाळ्या झाल्या. मग बिबियाना तिचा आताचा पुढारी घेऊन आत आली. जाड मानेचा काळा कुत्रा, नाव तुलुगाक.

"शेवटचा धडा," ती म्हणाली. "दाखवणार मी आणि उत्तरं देणार पोरं. मोठ्यांनी मधे तोंड घालायचं नाही."

इवालूनं तुलुगाकच्या गळ्यात पट्टा घातला, दोन बोटं सरकवून पाहिली, बकल लावली. मग बिबियाना म्हणाली, "आता बकल न काढता पट्टा काढा." कालेराक आणि आणखी दोघं झोंबले. पुढे ओढला, मागे ओढला. तुलुगाक कंटाळून बसकण मारून बसला. पट्टा कानांपाशीच अडकला. लोक हसले. एनोकही हसला.

"निघतो?"

"नाही!" पोरं ओरडली.

तिनं पिशवी उघडली आणि नऊ जुने पट्टे पोरांच्या हातात दिले. "हे माझे. सात वर्षांपूर्वी मी माझ्या हातानं नऊ गळ्यांत घातले होते, दोन बोटं ठेवून. त्यानंतर कुणी बकल उघडलेली नाही. नीट बघा. साखळ्याही तुटल्या नव्हत्या. तरी नऊ कुत्री बाहेर आली. कशी?"

एनोकची मान ताठ झाली.

"कुणी डोकं कापलं?" कालेराक म्हणाला. कुणीच हसलं नाही.

इवालूनं एक पट्टा हातात फिरवला. त्यात स्वतःची मूठ घातली, मग दोन्ही मुठी. "मान बारीक झाली असणार," ती म्हणाली. "डोक्यावरपण मांस नव्हतं. म्हणून निसटलं."

"मान बारीक कशानं होते?"

"खायला नसलं की."

बिबियानानं बरणी टेबलावर ठेवली. "हे त्यांच्या पोटातून निघालं. तुम्ही सगळे हॅलिबट खाऊन वाढलात. त्याचं डोक्याचं हाड तुम्हाला अंधारातही ओळखता येतं. यात शोधा."

पोरं बरणीवर तुटून पडली. दोरी. ढलपी. केस. पुन्हा दोरी. त्यांनी सगळं कागदावर पसरलं, बोटांनी चाचपलं. मास्तरणीचा चेहरा पांढरा पडला होता, पण तिनं अडवलं नाही. माझ्या हातात किटली होती आणि मला ओरडावंसं वाटत होतं, शोधा, आणखी शोधा.

"एकपण नाही," कालेराक म्हणाला.

इवालूनं वळून पहिल्या बाकाकडे पाहिलं. "पण आजोबा, बिबियाना आजीच्या कुत्र्यांना तुम्ही डोकी घालत होता ना? तुम्ही मला सांगितलंय. मग हाडं कुठायत?"

"कुत्र्याचं पोट सगळं पचवतं, बाळा," एनोक म्हणाला.

"दोरी नाही पचली," इवालू म्हणाली.

मोठं माणूस असतं तर इथं थांबलं असतं. ती थांबली नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि पट्टा त्याच्या गुडघ्यावर ठेवला. "सांगा ना, आजोबा."

एनोक खाली पाहत काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं," बिबियाना म्हणाली. "मागं ऐकू गेलं नाही."

"नाही घातलं!" त्याचा आवाज फाटला. "दोन वेळा घातलं. मग फ्योर्डच्या पलीकडच्या टोकाला मासा लागल्याची बातमी आली, तिकडे गेलो. आज निघू, उद्या निघू करत राहिलो."

"किती दिवस?"

"अकरा."

बिबियानानं टेबलाची कड धरली. सात वर्षं तिनं त्या पोटांकडे पाहून मनाशी आकडा लावला असेल, पण तो इतका नसावा. इवालू तुलुगाकपाशी जाऊन बसली आणि त्याच्या मानेत तोंड खुपसलं. आजोबांकडे तिनं परत पाहिलं नाही. एनोकनं हात पुढे केला होता तो तसाच राहिला. मला वाटलं, झालं. संपलं. असंच पाहिजे होतं त्याला. माझ्या डोळ्यांत आनंदाचं पाणी आलं.

मग कालेराक म्हणाला, "म्हणजे इवालूचे आजोबा अकरा दिवस वस्तीत नव्हतेच?"

"नव्हतो," एनोक म्हणाला.

"मग बाकीच्यांनी का नाही घातलं?" तो आपल्या आईकडे वळला. "आई, दुकान तर साखळ्यांच्या वरच्या अंगालाच आहे. तुला ऐकू नाही आलं?"

हे मी आतापर्यंत तुम्हाला सांगितलं नाही, कारण मी ते स्वतःलाही सांगत नव्हते. एनोक बर्फावर गेलाय हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याची स्कूटर जाताना सगळ्यांनी पाहिली होती. कुत्री भुकेनं ओरडायची ते अठरा घरांत ऐकू यायचं, पहिले पाच-सहा दिवस जोरात, मग हळू. आणि बादली एनोकच्या हातात होती, म्हणून कुणी हात लावला नाही. हीच आमची रीत.

कालेराकच्या आईनं तोंडावर हात धरला. बिबियाना ताठ उभी राहिली. "विचारा," ती पोरांना म्हणाली. "आपापल्या माणसांना विचारा. म्हणून तर सगळ्यांना बोलावलंय."

आणि पोरं विचारू लागली. आई, तुला ऐकू आलं होतं? बाबा, तुम्हाला? आजी, तुला? खोलीभर माणसं एकेक करून मान खाली घालत होती. एकही जण 'असेल' म्हणाला नाही. बिबियाना प्रत्येकाकडे बघत होती, मोजून घेत होती. तिच्या डोळ्यांत दया नव्हती, आणि ती का असावी?

एनोक उठला. त्याचा अनोराक काखेत ओला झाला होता. "सगळंच विचार," तो बिबियानाला म्हणाला. "सुटल्यावर ती दारोदार फिरत होती. पाय लटपटत होते त्यांचे, कुणाला चावायचीही ताकद नव्हती. कुणी एक डोकंसुद्धा टाकलं नाही. मी तिकडे मासे धरत होतो, मला काही पत्ता नव्हता. मला रेडिओवर कुणी बोलावलं, बंदूक घेऊन ये म्हणून कुणी सांगितलं, तेही विचार."

तो माझ्याकडे बघत होता.

बिबियाना वळली नाही. तिला हे ठाऊक होतं की नव्हतं, ते मला आजही कळलेलं नाही. मागच्या टेबलापाशी मी एकटीच उभी होते. सात वर्षांपूर्वीची ती सकाळ माझ्यासमोर आली. आर्नाक माझ्या दाराशी बसली होती, माझ्याकडे बघून शेपूट हलवत होती. माझ्या फडताळात सुकवलेला हॅलिबट टांगलेला होता. मला तिची भीती वाटली नव्हती. मला तिच्या हाडांकडे बघवत नव्हतं, आणि ते दिसेनासं व्हावं म्हणून मी रेडिओ उचलला होता.

"मी बोलावलं," मी म्हटलं.

"मोठ्यानं," बिबियाना म्हणाली. तिची पाठ माझ्याकडेच होती.

इवालूनं कुत्र्याच्या मानेतून तोंड वर काढून माझ्याकडे पाहिलं. सगळी पोरं माझ्याकडे बघत होती. मी किटली खाली ठेवली आणि मोठ्यानं सांगितलं.